वणव्याचा हंगाम: पुण्याच्या टेकड्या, घाट आणि खालचं कोकण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीन प्रकारच्या पुणेकरांसाठी आहे: रोज सकाळी टेकडीवर जाणारे, सुट्टी आली की घाट गाठणारे, आणि कोकणात आंबा-काजूची बाग आहे पण मुक्काम कोथरूड-सिंहगड रस्त्याला असणारे. तिघांचे प्रश्न वेगळे वाटतात. आग मात्र एकाच वाऱ्यावर चालते.

वणव्यांचा हंगाम नक्की कधी असतो?

वन विभागाच्या कागदावर १५ फेब्रुवारी ते १५ जून. डोंगरावर तो जानेवारीतच सुरू होतो आणि खरा जोर होळीच्या आसपासपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. मे महिन्यात जळण्यासारखं गवत बहुतेक ठिकाणी एकतर जळून गेलेलं असतं किंवा गुरांनी खाल्लेलं. त्यात एखाददुसरा वळीव होऊन जातो.

हंगामाची तयारी खरं तर पावसाळ्यातच होते. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम साठ किलोमीटरवरच्या ताम्हिणीत पाच-सहा हजार मिलिमीटर पडू शकतो. या पाण्यावर कमरेएवढं गवत उठतं, आणि ऑक्टोबरनंतर त्याला पाणी मिळत नाही. मार्गशीर्ष संपेपर्यंत सगळा उतार पिवळा पडलेला असतो. पाऊस चांगला झाला म्हणून आपण खूश असतो, पण त्याच वर्षी वणव्याला सरपणही जास्त मिळतं.

ऊन तर एप्रिल-मेमध्ये जास्त. मग आगींचा जोर मार्चमध्येच का?

कारण गवताला पाऱ्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला हवेतला ओलावा कळतो. वाळलेलं गवत इतकं बारीक असतं की हवा कोरडी झाली की तासाभरात तेही कोरडं होतं. पुण्यात मार्चच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, काही दिवस त्याहूनही खाली. त्याच गवताला पहाटे काडी लावली तर ते धुमसत बसेल, दुपारी दोनला लावली तर उभा उतार घेऊन जाईल.

परदेशात वणवा विझवणारे लोक एक ढोबळ नियम वापरतात: तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे. तिन्ही एकत्र आले की धोका. पुण्यात मार्चमध्ये पहिल्या दोन अटी जवळजवळ रोज दुपारी पूर्ण होतात, म्हणजे सगळा निकाल वाऱ्यावर. एप्रिल २०१९ च्या अखेरीस शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३ अंशांवर गेला होता, आणि तेव्हा सगळं बोलणं उन्हावरच चाललं होतं. पण आगीचा अंदाज घ्यायचा असेल तर हवामान खात्याच्या पानावर कमाल तापमानाऐवजी आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा या दोन ओळी आधी वाचा.

कोकणात हवा दमट असते. तिथे वणवे कसे लागतात?

हा प्रश्न बागवाल्यांकडून सर्वात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर या पानावरचं सर्वात महत्त्वाचं आहे असं आम्हाला वाटतं.

नेहमीच्या दिवशी कोकणात सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि ऊन चढलं की अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. तो ओलावा घेऊन येतो आणि पारा धरून ठेवतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस असे येतात की देशावरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असतो आणि खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरतो. मग तो एकला येतो, दोनला येतो, कधी तीनलासुद्धा येत नाही. तोवर किनारपट्टी अक्षरशः भाजते.

याचं गणित सोपं आहे. खाली उतरणारी कोरडी हवा दाबाने तापते, दर १०० मीटरला साधारण एक अंश. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. म्हणजे पुण्यात ३४ अंशांवर असलेली हवा सह्याद्रीवरून उतरून चिपळूण-महाडकडे पोहोचेपर्यंत ३९-४० अंशांची होऊ शकते, आणि तापली की तिची आर्द्रता आणखी घसरते. कोकणाच्या दमट हवेच्या भरवशावर असलेलं गवत त्या दुपारी देशावरच्या गवताइतकंच कोरडं होतं.

म्हणून बागवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हवामान खातं सपाट प्रदेशासाठी उष्णतेची लाट ४० अंशांपासून धरतं, पण किनारपट्टीसाठी ३७ अंशांपासून, आणि तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीतच मुंबई-कोकणाला असा इशारा मिळाला होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की तो वणव्याचाही इशारा समजा. त्या दिवशी बागेत, बांधावर, रस्त्याकडेला काडी ओढू द्यायची नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ जे झालं त्यामागेही जमिनीकडून समुद्राकडे उतरणारा कोरडा वाराच होता. आपल्या पूर्वेच्या वाऱ्याला तेवढा जोर नसतो, त्यामुळे तिथली दृश्यं पाहून इथे घाबरायचं कारण नाही. वाऱ्याची जात मात्र तीच.

उशिरा का होईना, खारा वारा सुटला की धोका संपला ना?

नाही. तो क्षण सर्वात फसवा. सकाळपासून पश्चिमेकडे सरकणारी आग अचानक उलटी फिरते आणि पूर्वेकडे, म्हणजे चढावर, निघते. जी बाजू तासभर सुरक्षित म्हणून माणसं उभी होती, तीच समोरची बाजू होते. ओलावा गवतात मुरायला वेळ लागतो. दिशा मात्र काही मिनिटांत बदलते.

पुण्यात संध्याकाळी गार वारा सुटतो. त्याने तरी आग मंदावते का?

तोही समुद्राचाच वारा. उन्हाळ्यात दुपार कलल्यावर घाटाच्या खिंडींतून वर चढून तो पुण्यापर्यंत येतो. अंगाला बरा वाटतो. पण त्याचा पहिला तास आगीसाठी फुंकणीच असतो, विशेषतः पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारांवर. वेताळ टेकडीची पाषाणकडची बाजू, बाणेरची टेकडी, सिंहगडाचे पश्चिमेचे उतार इथे संध्याकाळी पाचची ठिणगी दुपारी बाराच्या ठिणगीपेक्षा जास्त धावू शकते. रात्री नऊ-दहानंतर हवा ओलसर आणि शांत होते तेव्हा आग खरोखर मंदावते. वन कर्मचारी अनेकदा रात्री काम करतात ते यामुळेच.

वणवा आपोआप लागतो का?

आपल्याकडे जवळजवळ नाहीच. बांबू बांबूवर घासून आग लागते ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते. पुण्याच्या टेकड्यांवर बांबूची बनं आहेत तरी कुठे? वीज पडून लागू शकते, पण आपल्याकडे विजा येतात त्या वळवाबरोबर, आणि सोबत पाऊस असतो.

उरतो माणूस. कुणी चाऱ्यासाठी रान भाजतं, कुणी मोहोळ काढायला धूर करतं, कुणी शिकारीसाठी ससे-रानडुकरं हुसकावतं. कुणी सोसायटीच्या मागे पाचोळा पेटवून चहाला जातं. घाटातल्या वळणावर चालत्या गाडीतून विडी-सिगारेटचं थोटूक बाहेर पडतं. टेकडीवर पार्टी होते आणि शेकोटीवर पाण्याऐवजी माती लोटली जाते, तीही अर्धीच. लोंबकळणाऱ्या वीजतारा वाऱ्याने एकमेकींना लागून ठिणग्या पडतात. हे कोकणातल्या बागांमधलं मोठं कारण आहे. आणि काही वेळा, हे लिहायला बरं वाटत नाही, जागा मोकळी दिसावी म्हणून मुद्दाम लावली जाते.

काचेच्या बाटलीतून ऊन पडून आग लागते म्हणतात.

शक्य आहे, पण क्वचित. बाटली उचलाच, मात्र गुन्हेगार म्हणून तिच्याकडे बोट दाखवू नका. त्यापेक्षा वाळक्या गवतावर उभी केलेली गाडी जास्त धोक्याची. घाट चढून आलेल्या गाडीचा सायलेन्सर आणि त्याच्या आसपासचे भाग गवत पेटवण्याइतके तापलेले असू शकतात. गाडी मुरुमावर किंवा डांबरावर लावा.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं. गावातले जाणते सांगतात, मग खोटं कसं म्हणायचं?

पूर्ण खोटं म्हणता येत नाही, म्हणून तर ही समजूत टिकून आहे. जाळल्यावर जुनी काडी निघून जाते, राखेतलं थोडं खत जमिनीला मिळतं, आणि बहुवर्षायू गवतांच्या मुळांतून हिरवे कोंब लवकर दिसतात. गुरं त्यावर तुटून पडतात. डोळ्यांना दिसतं ते हे.

न दिसणारी बाजू अशी. जमिनीवर पडलेलं बी जळतं. पाचोळ्याचा थर जातो आणि डोंगर उघडा पडतो. मग जूनचा पहिला जोराचा पाऊस थेट मातीवर आदळतो आणि माती ओढ्यातून धरणात जाते; खडकवासला-पानशेतच्या पाण्याला जूनमध्ये येणारा लाल रंग त्याच उतारांवरून येतो. शिवाय दरवर्षी जाळत राहिलं की रानाची निवडच बदलते. आगीत टिकणारी कुसळी माजते आणि मारवेल, पवन्यासारखं गुरांना आवडणारं गवत मागे पडतं. कुसळीचं बी मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत घुसतं हे कुठल्याही धनगराला विचारा. जे चाऱ्यासाठी जाळतात त्यांचाच चारा हळूहळू खराब होतो.

त्यामुळे गावात बोलायचं असेल तर ‘तुमचं अज्ञान आहे’ या सुरात बोलू नये. चाऱ्याचा हिशेब मांडावा: डिसेंबरात गवत कापून गंजी रचली तर चारा हातात राहतो आणि डोंगरावर जळायलाही काही उरत नाही. कापायला मजुरी लागते आणि काडीची पेटी जवळजवळ फुकट मिळते, खरी अडचण तिथे आहे. जिथे कापलेल्या गवताला गिऱ्हाईक मिळालं, तिथे आग लावायचं कारणच उरत नाही.

राब भाजणं हेही वणव्याचं कारण आहे ना? मग त्यावर बंदी का नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मावळ, मुळशी, भोर, वेल्हे आणि खाली कोकणात भाताचं रोप तयार करण्याच्या तुकड्यावर कवळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या), गवत, शेण, पाचोळा यांचे थर रचून उन्हाळ्यात पेटवतात. त्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे आणि तिच्यात अक्कल आहे. राबाचा तुकडा जळणं म्हणजे वणवा नव्हे. राखण नसताना दुपारच्या वाऱ्यावर तो डोंगराला लागला की वणवा होतो.

पुण्यात बसून बंदीची मागणी करणं सोपं आहे. आम्ही ती करत नाही. पर्याय मात्र आहेत. चारसूत्री भातशेतीत भाताच्या तुसाची काळी राख आधीच तयार करून रोपवाटिकेत मिसळतात, त्यामुळे शेतावर जाळायची गरज राहत नाही. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात तर रोपवाटिकाच नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकतात, चिखलणीही नाही आणि लावणीही नाही. ज्याला दोन्ही जमत नाही त्याने राब भाजावा, पण सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, भोवती दोन-तीन मीटर गवत खरवडून, पाण्याचं पिंप आणि दोन माणसं जवळ ठेवून, शेजाऱ्याला सांगून. शेत वनाला लागून असेल तर वनरक्षकाला कळवूनच. आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत जागा सोडायची नाही. दुपारी जेवायला घरी गेलेला माणूस हे बऱ्याच वणव्यांचं मूळ असतं.

टेकडीवर धूर दिसला. आधी कुणाला फोन करायचा?

शहरात अग्निशमन दलाला १०१, वनजमिनीवर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर. काहीच सुचलं नाही तर ११२. टेकडी कुणाच्या हद्दीत आहे यावर विचार करत बसू नका, दोन्हीकडे लावा.

सांगताना ‘टेकडीला आग लागली’ एवढं पुरत नाही. कुठली टेकडी, कुठल्या बाजूने, जवळचं देऊळ, पाण्याची टाकी किंवा खाण कोणती, धूर कुठल्या दिशेने जातोय, गाडी कुठपर्यंत येऊ शकते हे सांगा. फोनमधलं अचूक ठिकाण पाठवता आलं तर उत्तम. बंब वर चढत नाही. त्यामुळे कुठून चालत यायचं हे सांगणारा एक माणूस खाली रस्त्यावर उभा असेल तर पंधरा मिनिटं वाचतात. व्हिडिओ नंतर.

आम्ही स्वतः विझवायला जावं का?

गुडघ्याएवढ्या ज्वाळा, मोकळा उतार, पाच-सहा जण, आणि मागे जायला जळलेली किंवा उघडी जागा असेल तर हो. यातलं एक जरी नसेल तर नाही.

जायचं तर मागून आणि बाजूने. आगीच्या तोंडासमोर कधीही उभं राहायचं नाही, विशेषतः तिच्या वरच्या अंगाला. ओल्या, पानं भरलेल्या फांदीने आग झोडपताना ती उंच उगारू नका, त्याने ठिणग्या उडतात. दाबून, जळलेल्या भागाकडे ओढत मारा. सुती कपडे, पूर्ण बाह्या, जाड बूट. जॉगिंगचे नायलॉनचे कपडे अंगावर वितळतात. आता वन कर्मचाऱ्यांकडे पाचोळा उडवणारे ब्लोअर असतात, त्यांनी काम फार वेगात होतं. ते चालू असताना मध्ये येऊ नका. समोरून आग लावून आग अडवण्याचा प्रकार फक्त त्यांनीच करायचा. हौशी लोकांनी केलेला तो प्रयोग म्हणजे दुसरा वणवा.

विझली असं वाटल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. वाळका बुंधा, शेणाची पोवटी, मुळं आतून धुमसत राहतात आणि संध्याकाळच्या वाऱ्याने पुन्हा पेटतात.

ट्रेकमध्ये समोर वणवा आला तर?

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकरांचे गट गवताच्या आगीत सापडले आणि २० हून अधिक जण दगावले. आपल्या राजगड-तोरणा धारेवर किंवा ताम्हिणीच्या आसपास मार्चमध्ये नेमका तसाच उतार आणि तसंच गवत असतं. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका.

चढाकडे पळू नका. आग चढावर धावते. ढोबळमानाने दर १० अंश चढाला तिचा वेग दुप्पट होतो, आणि तुमचा निम्मा. घळीत शिरू नका, ती धुराड्यासारखी आग वर ओढते. आडवं चला, आगीच्या बाजूने निसटा, आणि कातळ, नांगरलेलं शेत, रस्ता, पाण्याची जागा गाठा. ज्वाळा खुज्या आणि विरळ असतील तर पलीकडच्या आधीच जळून गेलेल्या काळ्या भागात जाणं सर्वात सुरक्षित. तिथे पुन्हा जळायला काही नसतं. काहीच जमलं नाही तर उघड्या जमिनीवर पालथं पडून, तोंडाला सुती कापड लावून, आग वरून जाऊ द्यायची. हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

खरा उपाय आदल्या दिवशीचा. होळी ते गुढीपाडवा या काळात गवताळ धारेवरचे ट्रेक पहाटे सुरू करून अकरापर्यंत संपवा. गडावर चूल मांडू नका. गावातून निघताना ‘वर कुठे जाळलंय का’ एवढं विचारा. गावकऱ्यांना माहीत असतं.

टेकडीवर लावलेली झाडं दरवर्षी जळतात. काय करावं?

प्रत्येक रोपाभोवती मीटरभर आळं जानेवारीआधीच स्वच्छ करा, आणि रोपांच्या पूर्ण पट्ट्याच्या खालच्या अंगाला जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, घ्या. मात्र सगळी टेकडी खरवडू नका. टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात. सरडे, ससे, घोरपडी गवतातच राहतात. गवत म्हणजे केर नव्हे.

थोडं कडू बोलायचं तर, काही वेळा चूक लावणाऱ्यांची असते. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड लावलं गेलं. फुलतं तेव्हा ते गुलाबी आणि छान दिसतं, पण नेमक्या त्याच दिवसांत पानं गाळून खाली कोरड्या पाचोळ्याचा गालिचा अंथरतं. जिथे मुळात गवताळ माळच होता तिथे दाटीने झाडं कोंबायचा हट्ट सोडायला हवा.

जाळरेषा किती रुंद आणि कधी?

डिसेंबर-जानेवारीत, गवत पूर्ण वाळायच्या आधी. गुडघ्याएवढ्या गवताला तीन मीटर पुरतात. कमरेएवढं असेल आणि उतार असेल तर खालच्या बाजूला पाच मीटर तरी हवेत. कापलेलं गवत रेषेतच पडू दिलंत तर रेषा काढून उपयोग काय? उचलून बाहेर न्या. वनजमिनीवर परवानगीशिवाय काहीही कापू किंवा जाळू नका.

कोकणात बाग आहे, राहतो पुण्यात. लांबून काय करता येईल?

दिवाळीनंतरची पहिली फेरी गवत काढण्यासाठी ठेवा. आंबा मोहरल्यावर जाऊन उपयोग नाही, तोवर गवत वाळलेलं असतं. बागेच्या रस्त्याकडच्या आणि डोंगराकडच्या अंगाला रुंद पट्टा साफ करून घ्या. झाडाखाली ओल टिकावी म्हणून पसरलेलं गवत हेही सरपणच आहे, ते कडेच्या झाडांखाली नको. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, बाग असेल तर अधिक काळजी घ्या. तिथलं गवत बारीक असतं आणि वाऱ्याला आडोसा नसतो. हापूसच्या कलमाला नुसती झळ लागली तरी मोहर आणि कैरी गळते, आणि ते नुकसान दोन दिवसांनी कळतं.

बागेवरून वीजतार गेली असेल तर ताराखालच्या फांद्या छाटण्यासाठी आणि सैल तारा ओढण्यासाठी वीज कंपनीला डिसेंबरातच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तो कागद पुढे कामाला येतो. गड्याला, शेजारच्या बागवाल्याला आणि पोलीस पाटलाला तुमचा नंबर द्या. पूर्वेचा वारा सुटलेल्या दिवशी सकाळी एक फोन करा: आज बागेत काही जाळायचं नाही, दुपारी एक चक्कर मारा.

बाग जळाली तर?

हात लावण्याआधी फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्याकडून पंचनामा करून घ्या, त्यात झाडांची संख्या आणि वय लिहिलं जातंय हे पाहा. तारांमुळे लागली असा संशय असेल तर विद्युत निरीक्षकांकडेही अर्ज हवा, कारण भरपाईचा दावा त्यांच्या अहवालावर उभा राहतो. हवामानावर आधारित फळपीक विमा तापमान, अवकाळी पाऊस, वारा अशा निकषांवर चालतो. त्यात वणवा धरलेला आहे असं गृहीत धरू नका.

जळालेलं झाड लगेच तोडू नका. काजू आणि आंबा दोन्ही पावसाळ्यात खोडातून फुटू शकतात. सप्टेंबरपर्यंत वाट पाहा.

उपग्रहावरून आग दिसते म्हणे. मग वन विभागाला कळत नाही का?

कळतं. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून आगीचे संदेश पाठवते; कुणालाही नाव नोंदवून ते मिळवता येतात. पण ते उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात. एका उपकरणाला जमीन साधारण एक किलोमीटरच्या ठिपक्यांत दिसते, दुसऱ्याला ३७५ मीटरच्या. तळजाईच्या उतारावर दुपारी चारला लागून सहाला विझलेली आग त्यात कदाचित येणारच नाही. त्यामुळे तुमच्या फोनची गरज अजूनही आहे.

कायदा काय म्हणतो?

राखीव वनात आग लावणं, किंवा मनाईच्या काळात तिथे विस्तव नेणं, हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० लागू होतं. आणि वनात चराई-सरपणाचे हक्क असलेल्यांनी आगीची खबर देणं व विझवायला मदत करणं कलम ७९ नुसार बंधनकारक आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये ठरवून दिले आहेत. सोसायटीच्या माळीकाकांना दोष देण्याआधी त्यांना पाचोळा जाळायला कोण सांगतं ते बघा.

होळी पेटवायची नाही का मग?

पेटवा की. मैदानात पेटवा, झाडाखाली किंवा टेकडीच्या पायथ्याशी नको. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात त्या दिवसापासूनच गवताचा धोका चढत जातो. दुसऱ्या दिवशी उरलेली राख टेकडीच्या उतारावर नेऊन टाकणारी मंडळं असतात. त्या राखेत निखारे असतात. पाणी ओतून, हात लावून पाहून मगच हलवा.

टेकडी जळाली. आम्ही लगेच येऊन झाडं लावू का?

भावना समजते, पण मार्च-एप्रिलमध्ये लावलेलं रोप जगणार नाही आणि तुमच्या पावलांनी भुसभुशीत झालेली राखमाती पहिल्या पावसात वाहून जाईल. त्या उतारावरून नव्या पायवाटा पाडू नका. वन विभागाने परवानगी दिली तर मे महिन्यात आडवे दगडी बांध रचा, गुडघ्याएवढे, ओघळांच्या तोंडाशी. जूनमध्ये काय काय आपोआप फुटतंय ते आधी पाहा; बरीचशी झुडपं मुळातून परत येतात. जिथे ऑगस्टपर्यंत काहीच आलं नाही, तेवढ्याच तुकड्यांवर पुढच्या वर्षी आसपासच्याच झाडा-गवतांचं बी टाका, आणि त्याच्या खालच्या अंगाला डिसेंबरात जाळरेषा काढायला माणसं आत्ताच ठरवून ठेवा.